तेलाचा थेंब

पिंजऱ्याचं दार उघडताच पांढरा उंदीर पुढे आला आणि शलाकाचा हातमोजा हुंगू लागला. वृषणं काढल्यापासून तो कोपऱ्यात निपचित पडलेला असायचा. मग प्रयोगासाठी तिनं त्याला रोज नर-हार्मोनचं इंजेक्शन दिलं, तिळाच्या तेलातून. मोज्यावर ओघळलेलं तेल चाटायची त्याला चटकच लागली. आता पठ्ठ्या पिंजरा दणाणून सोडायचा.

"मॅडम, हा छान सावरलाय. ह्याला राहू द्या ना."

"अगं," गाइड म्हणाल्या, "पिट्युटरीतले हार्मोन टिपणारे रिसेप्टर पूर्ववत झाले का, ते मेंदूखालची ती ग्रंथी काढल्याशिवाय कसं कळणार? जो सावरला, तोच मारावा लागतो."

आज इंजेक्शन नव्हतं. तरी शलाकानं मोज्यावर तेलाचा थेंब सोडला.

चाटत चाटत तो आपणहून तिच्या मुठीत आला.