दर तासाचं बटण

गोदामावर रात्रपाळीचा पहारा करणाऱ्या तिला दर तासाला फाटकाजवळचं बटण दाबावं लागे. खट् झालं की तिकडे ऑफिसात कळायचं, बाई जागी आहे. या महिन्यात दोनदा चुकलं होतं. तिसऱ्यांदा चुकलं की हातात नारळ.

त्या धास्तीनं तिची दिवसाची झोपही नासली होती. सकाळी घरी येऊन आडवी झाली, तरी तासातासाला दचकून उठायची, अर्धवट झोपेतच दारापाशी जाऊन दिव्याचं बटण दाबायची. तो खट् कानावर पडला की मगच पुन्हा डोळा लागायचा. सासू चिडवायची, "घरावरही पहारा बसवलायस का गं?"

आज जाग आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. नऊपासून ती एकदाही उठली नव्हती. सात वेळा चुकलं होतं. आपण गोदामात नाही, घरात आहोत, हे लक्षात यायच्या आत ती धडपडत दारापाशी पोचलीसुद्धा.

बटणाखाली स्टुलावर सासू बसली होती, मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन.

"झोप तू. मी दाबतेय दर तासाला," सासू म्हणाली. मग तिनं आवाज एकदम खाली आणला. "एक वाजता तेवढा दोन मिनिटं उशीर झाला गं, डुलकी लागली होती. तुझ्या साहेबांना कळणार नाही ना?"