घरचा पंच

शेवटची चढाई होती. सावनेरच्या चौघांनी बर्डीच्या चंद्रभानला पालथा पाडला होता, आणि तो गडी त्या चौघांना अंगावर घेऊन मधल्या रेषेकडे सरकत होता. तोंडातलं 'कबड्डी कबड्डी' चालूच. हात रेषेला टेकला की बर्डीची जीत, त्याआधी दम तुटला की सावनेरची. ते ठरवायचं होतं पंचांनी, म्हणजे नत्थूजींनी. ते कंबरेत वाकून चंद्रभानच्या तोंडाशी कान लावून होते.

आता नत्थूजी हे बर्डीचेच. मंडळ हरलं की या माणसाला घास गिळत नसे. कामठीहून यायचा पंच आलाच नाही, तेव्हा सावनेरवालेच म्हणाले, की नत्थूजी उभे राहत असतील तर आमची हरकत नाही, त्यांच्या पोटात पाप नाही. झालं! भल्या माणसाला भलेपणाची चटक लागायला एवढंसुद्धा पुरतं. सबंध सामनाभर सावनेरच्या गड्याचं पाऊल रेषेवर पडलं तर नत्थूजी डोळे बारीक करून बघत आणि सोडून देत. आपल्या पोराचा अंगठा नुसता रेषेजवळ गेला की शिट्टी. हा त्यांचा जुनाच खाक्या होता. परक्याचं चुकलं तर ते त्याचं, आपल्याचं चुकलं तर आपली अब्रू जाते. म्हणून दुसऱ्याने बोट दाखवायच्या आत आपणच आपल्याला झोडपून मोकळं व्हावं.

आणि चंद्रभान तर त्यांचा जीव की प्राण. गिरणीचे दोन साहेब आज मैदानात खुर्च्या टाकून बसले होते, ते नत्थूजींनीच हातापाया पडून आणलेले. गिरणीच्या संघात घेतलं की नोकरी पक्की, पोराचं घर उभं राहणार होतं.

चंद्रभानचा आवाज बारीक झाला, घशात घुसमटला. पण होता. नत्थूजींना तो स्वच्छ ऐकू येत होता. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी सावनेरवाला ओरडला, "देजा बरं निकाल, घरचे पंच!"

नत्थूजींची शिट्टी वाजली. चंद्रभानचा हात रेषेवर टेकला तो त्यानंतर.

सावनेरच्या लोकांनी नत्थूजींना खांद्यावर घेतलं. पंच असावा तर असा, आपल्या गड्यालाही सोडलं नाही, म्हणत त्यांच्या गळ्यात हार घातला. खोटं कशाला बोला, नत्थूजींना ते क्षणभर गोड लागलं.

खाली उतरतात तो समोर गिरणीचे साहेब. त्यांना बाहेरून पोराचा दम शाबूत वाटला होता. "तुम्ही तर अगदी जवळ होता," ते म्हणाले. "खरंच तुटला होता ना?"

देवाने दिलेली संधीच ती. नाही, चूक झाली, एवढं म्हणायचं होतं. सामना बदलला नसता, पण पोराचं नशीब बदललं असतं. नत्थूजींच्या भोवती सावनेरची माणसं अजून हसत उभी होती. त्यांचा हात गळ्यातल्या हाराकडे गेला.

"तुटला होता," नत्थूजी म्हणाले.

ऐन वेळी कच्चा पडणारा गडी आपल्या कामाचा नाही, असं एकमेकांशी बोलत साहेब लोक रिक्षाकडे गेले.

चंद्रभान रांजणापाशी कोपराची माती धूत होता. त्याच्या कानावर सगळं पडलं होतं. नत्थूजी हार काढून त्याच्याजवळ गेले. पोराने चारचौघांत शिव्या घालाव्यात, कॉलर धरावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणजे निदान छातीवरचं ओझं तरी उतरलं असतं.

"चंद्रभान, रागावला काय गा?"

"तुमच्यावर काहून रागावू, काका?" चंद्रभानने ओला हात सदऱ्याला पुसला. त्याचे डोळे लाल होते, पण आवाजात राग नव्हता. "मले तं वाटत होतं, दम आहे म्हणून. पण तुमी आपले मानूस. तुमी म्हणता तं तुटलाच असन."