अर्धवट राहिलेलं आख्यान

कीर्तनाचा पूर्वरंग संपला आणि हरिबुवांचा माईक आपोआप बंद पडला. बोलणाऱ्याच्या आवाजातून क्षय ओळखून बंद होणारे हे माईक राज्यभर सक्तीचे करणाऱ्या आरोग्यमंत्री शालिनीताई समोरच बसल्या होत्या.

"ताई, एवढं आख्यान होऊ द्या," बुवा तोंडावर उपरणं धरून म्हणाले.

"तुम्हाला सूट दिली, तर उद्या सगळेच मागतील. औषधानं खडखडीत बरे व्हाल, बुवा."

"होईन हो. पण देवापुढचं कीर्तन अर्धवट कसं ठेवायचं? आता तुम्हीच उभ्या राहा."

ताईंनी आरोग्य अधिकारी असताना अहवाल लिहिले होते, मंत्री झाल्यावर भाषणं केली होती. कीर्तन नुसतं ऐकलं होतं. मध्यंतराला कीर्तनकाराला घालायचा हार त्यांच्या गळ्यात पडला.

"बंधू-भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली. श्रोते हसले.

बुवा बाहेर मोकळ्या अंगणात जाऊन बसले आणि तिथून टाळीनं ठेका देऊ लागले.