भात सोडलेली सासू

शकुंतलाबाईंनी तिसरा रोल चटणीत बुडवला आणि सुनेला म्हणाल्या, अजून एक प्लेट सांग.

सुरभीला केवढं बरं वाटलं! पिपरी मेघेच्या रस्त्यावर हे व्हिएतनामी हॉटेल निघाल्यापासून तिच्या मनात होतं. पण नवरा धीरज कापडाच्या दुकानातून उठेल तर ना. शेवटी ती सासूलाच स्कुटीवर बसवून घेऊन आली. आणायचं की नाही याचा तिनं दहादा विचार केला होता, कारण सासूनं भात सोडला होता.

तो नवस अख्ख्या पै-पाहुण्यांना तोंडपाठ होता. सुरभीच्या लग्नाला वर्ष झालं न झालं तोच शकुंतलाबाईंनी केळझरच्या गणपतीपुढं सांगितलं, सुनेची कूस उजवेपर्यंत तांदळाचा कण तोंडात घालणार नाही. तेव्हापासून पंगतीत वाढपी भात घेऊन आला की त्या ताटावर हात आडवा धरायच्या. कोणीतरी विचारायचंच, काऊन बाई? त्या खाली मान घालून सांगायच्या, आणि सगळी पंगत सुरभीच्या पोटाकडं बघायची.

बरं, सासूचा राग करावा तर तशीही सोय नव्हती. घरात एका शब्दानं टोचलेलं नाही. रविवारी डोक्याला तेल लावून द्यायच्या, माहेरी निघाली की पिशवी भरून द्यायच्या. बाई आपल्यापायी तोंडाला कुलूप घालून बसली आहे आणि आपल्या हातून एवढं एक होत नाही, हे सुरभीला आतून कुरतडत राहायचं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. एकदा नवऱ्यालाही आण, म्हणाल्या होत्या. पण कधी दिवाळीची गर्दी, कधी लग्नसराई.

म्हणूनच हॉटेलात तिनं आधीच बजावलं, भात नको, तांदळाच्या शेवयाही नकोत. मग हे रोल आले. आतलं गाजर, काकडी, पुदिना बाहेरून दिसावा असं काचेसारखं आवरण आणि सोबत शेंगदाण्याची चटणी. हे साबुदाण्याचंच असणार, सुरभीनं ठरवून टाकलं. साबुदाणा आणि शेंगदाणा, म्हणजे उपासालासुद्धा चाललं असतं की!

बिल देताना तिनं सहज विचारलं. गल्ल्यावर मालक गजेंद्र होता, त्याला कौतुकच वाटलं.

"निव्वळ तांदूळ आहे ताई. त्याचाच कागद बनवते तिकडं."

सुरभीनं उरलेले पैसे न मोजताच पर्समध्ये कोंबले. बाहेर सासू स्कुटीपाशी उभी राहून पदरानं तोंड पुसत होती. मस्त होतं वं, म्हणाली. आता बोलावं, आता बोलावं म्हणता म्हणता घर आलं.

नेमकी त्याच महिन्यात सुरभीची पाळी लांबली होती. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, नुसती आस धरून बसली होती. हॉटेलातून आल्यावर चारच दिवसांनी पाळी आली आणि ती आसही गेली. न्हाणीघराचा नळ सोडून ती मनसोक्त रडली. एवढ्या वर्षांचं सासूचं पुण्य आपण जिभेच्या चोचल्यापायी मातीत घातलं, असंच तिला वाटलं. त्यानंतर तिला घास उतरेना. रात्री सासू तिच्या ताटात वरण-भात वाढायची आणि स्वतः भाकरी मोडायची, तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

धीरजनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून वेळ मारून नेली. पण देवाशी लपवाछपवी किती दिवस करणार? चतुर्थीला तिनं हट्टानं सासूला केळझरला नेलं. देऊळ पायऱ्यांवरून दिसायला लागलं तसा तिचा धीर सुटला. तिथंच सासूचे पाय धरून तिनं सगळं सांगून टाकलं, तांदळाचा कागद, लांबलेली पाळी, सगळं. तुमचा नवस मी बाटवला, म्हणाली.

शकुंतलाबाई पायरीवर टेकल्या. वर देवळाकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पयल्या घासालेच समजलं. जनमभर तांदूळ हाताखालून गेला माह्या."

सुरभीला काही कळेना. "मग खाल्ले कशाला, आई?"

"कंटाळली होती मी."

असं कसं म्हणता, सुरभी कळवळून म्हणाली. चूक माझी आहे, मी फेडते. वर जाऊन मीच आता गणपतीला सांगते, मूल होईपर्यंत भात मी सोडला. ती डोळे पुसून उठली आणि पायऱ्या चढायलाही लागली.

शकुंतलाबाईंनी तिचा हात गच्च धरून तिला खाली बसवलं.

"तू नको सोडू, पोरी. माहा नवस गणपतीसाठी नव्हताच, लोकाईसाठी होता." त्या म्हणाल्या. "धीरजले पोर होणार नाई, असं डॉक्टरनं मले अन् त्याले दोघाईले सांगतलं, अन् त्याच्या दुसऱ्याच महिन्यात आमी तुले पाहाले आलतो."