केसभर चढलेला सीका

“तिसऱ्या ओळीतला सीका केसभर चढलाय. बटणावर विसंबू नकोस, कानाला विचार.”

फोनवरची ती ओळ रिफ्अतने पुन्हा वाचली.

सीका म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधोमध दडलेला स्वर. इजिप्तच्या टांटा शहरात विकल्या जाणाऱ्या कुठल्याही ओर्गवर, म्हणजे विजेच्या पेटीवर, त्यासाठी बटण असतं. ते दाबलं की काम भागलं, असं सगळे मानतात. न मानणारा एकच माणूस रिफ्अतला ठाऊक होता: खालच्या मजल्यावर राहणारे त्याचे वडील, शेख बय्यूमी. उरसाच्या मांडवात उभे राहून ते पैगंबरांच्या कथा गाऊन सांगत. ते रंगात आले की चहावाला पेले विसळायचा थांबे. आणि ‘केसभर’ हे तर त्यांचंच माप.

पण वडील त्याच्याशी बोलत नव्हते. रिफ्अतने त्यांच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज उचलला होता, त्याखाली यंत्राचे ठोके घालून ते सगळं हौशी ओर्गवाल्यांच्या फोनवरच्या गटावर टाकलं होतं. आपली चीज टाकायची आणि बाकीच्यांनी तिची मनसोक्त चिरफाड करायची, हाच त्या गटाचा रिवाज. अम्मानच्या लुबनाने लगेच कळवलं होतं, “आवाज म्हणजे सोनं. ठोके कसले रे हे? लग्नात गाढव नाचवतोयस का?”

शेखांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी रिफ्अतला जिन्यातच गाठलं.

“देवाच्या नावाला घुंगरू बांधलेस पोरा,” ते बसक्या आवाजात म्हणाले. “आता मी बोलावीन तेव्हाच माझा उंबरा ओलांड.”

त्यानंतर बापलेकांमध्ये उरलं एक छत आणि त्यातून वर झिरपणारा शेखांचा रेडिओ. कुराणाचं केंद्र, आवाज नेहमीसारखा मोठा.

थोड्याच दिवसांत गटावर एक नवा माणूस आला. नाव नाही, गाव नाही. स्वतःला नुसतं ‘श्रोता’ म्हणवायचा. सीकाची ती ओळ त्याचीच. बाकीचे बोलून धाडत, हा फक्त लिहायचा.

“श्रोतेमहाराज, एकदा तोंड उघडा की!” लुबनाने छेडलं.

“घसा गेलाय. कान शाबूत आहेत.”

शेखांचाही घसा गेला होता. आणि कुवेतला असलेल्या रिफ्अतच्या बहिणीने नुकताच त्यांना नवा फोन धाडला होता. रिफ्अतला मनातल्या मनात हसू फुटलं. बाप म्हणून येता येईना, तर श्रोता होऊन आले! ठीक आहे. मानी माणसाची लाज राखावी. आपणही ओळख देऊ नये.

त्याने ठोके काढून टाकले. सीका कानाने लावला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून परतताना शिहाताकाकांनी त्याला हाक मारली. समोरच्या गाड्यावर ते भाकऱ्या आणि उकडलेला घेवडा विकत.

“उस्ताद, तुमच्या शेखसाहेबांनी सकाळी टोपली सोडली. मी भाकऱ्या घातल्या, वर हाक मारली. अजून ओढली नाही बघा.”

शेखांच्या बाल्कनीतून दोराला बांधलेली टोपली रस्त्यावर लोंबत होती.

“विसरले असतील.”

“शेख? भाकरीला? एकदा मी एक कमी घातली तर टोपली तीनदा खाली आपटली होती त्यांनी!” काकांनी हात पुसले. “सगळं बरं आहे ना? मी वर जाऊन बघतो.”

तेवढ्यात रिफ्अतचा फोन किणकिणला. श्रोता लिहीत होता: “आज उजवा हात घाई करत नाही. शाबास.”

रिफ्अतचा चेहरा उजळला. “काका, कशाला गुडघे झिजवता? बाबांनी आत्ता, या घटकेला मला लिहिलंय. ठणठणीत आहेत.”

“मग काय प्रश्नच मिटला,” म्हणत काका पुन्हा घेवड्याकडे वळले.

पुढचे दिवस रिफ्अतला सणासारखे गेले. त्याने वाजवावं, श्रोत्याने सुधारावं. ‘आवाज मोकळा ठेव.’ ‘इथे यंत्राने गप्प बसावं.’ असं तर बाबांनी त्याला लहानपणीही शिकवलं नव्हतं. खाली रेडिओ अखंड चालू असायचा. शेखांच्या दाराबाहेर जिन्यातलं मांजर बसून ओरडायचं, जाता-येता रिफ्अत त्याला म्हणायचा, “तुलाही बोलावलं नाही वाटतं?” टोपली तिथेच लोंबत होती. चिमण्यांनी टोचून टोचून भाकऱ्यांची जाळी केली होती. बाबांना हल्ली लिहिण्यापुढे भूकही सुचत नाही, या विचाराने रिफ्अतला भरून आलं.

शुक्रवारी नमाजानंतर त्याने पुरी झालेली चीज गटावर टाकली. वडिलांचा आवाज आणि त्यामागे हळूच चालणारा एकच लांब स्वर, बस. लुबनाने कळवलं, “गाढव मेलं, देव भेटला.”

मग श्रोत्याचा निरोप आला, त्याला एकट्याला.

“आज रंग भरला. अल्लाह तुझ्या बोटांना आयुष्य देवो. असं वाजवणाऱ्याला समोर बसवून ऐकावं. ये कधी.”

रिफ्अतने डोळे पुसले. बोलावणं आलं होतं.

“आलोच बाबा,” त्याने लिहिलं. “चहा ठेवा.”

कोपऱ्यावरून त्याने शेखांच्या आवडीची, पाकात भिजलेली रव्याची बसबूसा घेतली. टोपलीला हलकेच बाजूला सारून तो जिना चढला. दार ठोठावलं. “बाबा, मी आलो!” आत रेडिओवर सूरा चालू होती. त्याने पुन्हा ठोठावलं. मांजर पायाशी घुटमळत होतं. शेवटी त्याने आईच्या वेळची जादा किल्ली काढली.

भर दुपारी आत दिवा जळत होता. कोंदट, गोडसर वास नाकात शिरला. बाल्कनीच्या दाराशी एक सपात पालथी पडली होती, आणि दाराआड दिसत होता तो अनवाणी पाय.

हातातला फोन किणकिणला. श्रोता लिहीत होता:

“बाबा? अरे दादा, मी ओरानचा, अल्जीरियातला. माझं तर अजून लग्नसुद्धा झालेलं नाही. कोणाला चहा ठेवायला सांगतोयस?”