काडीची ओळख

“मफलर कशाला सोडताय? वारं बघा किती गार आहे,” बायको म्हणाली.

“तोंड दिसलं पाहिजे,” मिस्त्री म्हणाले आणि मफलरची घडी करून त्यांनी पिशवीत टाकली.

बायकोने कपाळाला हात लावला. सकाळी सकाळी तळ्याकाठच्या चिखलात उभं राहायची तिला अजिबात हौस नव्हती. पण आज नवऱ्याचं मन मोडायची सोय नव्हती. संध्याकाळी त्यांचा सत्कार होता. जन्मभर लाकडातून पशुपक्षी कोरले म्हणून हॉल सजला होता, आणि आयोजक फोन करकरून एकच विचारत होते, तुम्हाला सगळ्यांत जास्त अभिमान कुठल्या कामाचा? तेच मंचावर मधोमध ठेवायचं होतं.

मिस्त्री दर वेळी म्हणत, “थोडं थांबा. मलाच अजून कळायचंय.”

यात न कळण्यासारखं काय आहे, हे बायकोला समजत नव्हतं. घरात झेप घेणारा गरुड होता, त्याच्या पिसाला हात लावायलाही माणसं बिचकत. पाणमांजरांची जोडी होती, तिला तर पदक मिळालं होतं. आणि हा माणूस पिशवीत काय घेऊन निघाला, तर सारसाचं रंग उडालेलं, चोच झिजलेलं लाकडी मुंडकं!

त्या मुंडक्याची गोष्ट तिला पाठ होती. काही वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या दवाखान्यात सारसाचं अंडं आलं. आईबाप विजेच्या तारांना लागून मेले होते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे पाय बघून सगळ्यांनी तिचं नाव ठेवलं काडी. आधीच्या वर्षीचं पिल्लू सगळ्यांच्या मांडीवर खेळून वाढलं होतं. सोडल्यावर ते थेट वस्तीत शिरलं आणि कुत्र्यांच्या तोंडी पडलं. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी माणसाचं तोंड न दाखवता भरवण्यासाठी मिस्त्रींकडून सारसाचं मुंडकं कोरून घेतलं.

पहिल्या मुंडक्याकडे काडीने ढुंकूनही पाहिलं नाही. मिस्त्रींनी डोळे पुन्हा कोरले, चोच तासून बारीक केली, मान आतून पोखरून हात शिरेल एवढी जागा केली. मग काडी खायला लागली, पण ती मान मिस्त्रींच्याच हाताने हलली तर. झालं! हातातली सगळी कामं परत गेली. मिस्त्री डोक्यावरून पांढरी चादर घेऊन दिवसदिवस तिथे बसायचे, तोंडातून अवाक्षर न काढता. घरात कधी पाळणा हलला नव्हता, म्हणून बायको काडीला थट्टेने ‘आपली लेक’ म्हणे. थट्टा अर्धीच होती.

एकदाच घोटाळा झाला. मिस्त्रींना खोकल्याची उबळ आली आणि चादर सरकली. काडीने खाणं सोडलं, मान वाकडी करून ती मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत राहिली. ती नजर त्यांच्या मनातून गेली नाही. काडी मोठी झाली, उडून गेली, तरी ते डॉक्टरीणबाईंना विचारायचे, “माझं तोंड तिच्या लक्षात राहिलं असेल का हो?”

“काय सांगावं, मिस्त्री? पिल्लं सहसा विसरत नाहीत,” त्या म्हणायच्या.

आणि काल त्यांचाच फोन आला. काडी तळ्यावर आली होती. पायात दवाखान्याचं लाल कडं, सोबत जोडीदार आणि उडायला लागलेलं पिल्लू. मिस्त्री भरल्या ताटावरून उठले ते परत बसलेच नाहीत.

“तू होतीस म्हणून निभावलं गं,” लव्हाळ्यात दबा धरून बसल्यावर ते हळूच म्हणाले. “सगळी कामं परत पाठवली, पण तू हूं की चूं केलं नाहीस.”

“केलं होतं. तुम्ही चादरीत होतात, ऐकू आलं नसेल.”

मिस्त्री हसले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तो सोडलाच नाही. आपल्याला या बाईने किती सांभाळून घेतलं, हे आज त्यांना अगदी भरून येऊन जाणवत होतं.

तेवढ्यात समोरच्या उथळ पाण्यात तीन सारस उतरले. एकाच्या पायात लाल कडं चमकलं.

“आली हो, लेक आली!” बायकोने त्यांची बाही ओढली. “मुंडकं काढा ना! ते बघितलं की धावत येईल.”

“नको. तिला मला बघू दे.”

 टोपी काढून मिस्त्री उभे राहिले आणि तोंड न झाकता सरळ पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले. मग मुद्दाम खोकले.

काडीची मान ताठ झाली. ती बघत राहिली. बायकोने नकळत हात जोडले.

मग काडी कर्कश ओरडली. पिल्लाला पुढे घालून, पंख आपटत तिने पाणी सोडलं. मागोमाग जोडीदारही उडाला. पलीकडच्या काठावर दिसेनासे होईपर्यंत तिघांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

मिस्त्री मटकन चिखलात बसले. त्यांचे खांदे गदगदत होते. बायकोचे डोळे भरून आले. एवढं केलं, आणि पोरीने साधी ओळखही दाखवू नये! तिने जवळ जाऊन त्यांच्या गळ्यात मफलर गुंडाळला.

“असू द्या हो. पाखराची जात ती. मनाला लावून घेऊ नका.”

तिने त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मिस्त्री हसत होते.

“लाव फोन त्या सत्कारवाल्यांना,” पिशवीतून मुंडकं काढून त्याची झिजलेली चोच बाहीने पुसत ते म्हणाले. “मंचावर हे ठेवा म्हणावं. बघितलंस ना, पोरगी मला कशी घाबरली!”