कासवाचं दार

“जाळ्याला दार ठेवलं, तर कोळंबी काय आत बसून आरती म्हणेल?” हरेश्वर नाखवा बोटीवर पुन्हा तडकला.

नव्या व्यापारी करारामुळे परदेशात हर्णैच्या कोळंबीवरची जकात उठली होती. अट एकच होती: जाळ्यात शिरलेलं कासव जिवंत सुटलं पाहिजे. पण दोन चाचण्यांत दाराची जागा चुकली आणि कासवाआधी कोळंबीच निसटली. आज शेवटची चाचणी होती. या खेपेला दार हरेश्वरच्या म्हाताऱ्या बापानं शिवलं होतं.

जाळ्याला बांधलेला कॅमेरा वर आला. छोट्या पडद्याभोवती सगळे गोळा झाले. कासव आलं, त्यानं दाराला डोकं लावलं, सटकन बाहेर पडलं आणि झडप मागोमाग मिटली. मग जाळ्याच्या बुडाची गाठ सोडली, तशी बोटीवर कोळंबीची रास पडली. खलाशांनी आरोळी ठोकली. परदेशी तपासनीस बाईंनी सही करून दुभाष्याकरवी विचारलं, “ही जागा कशी सापडली?”

“सापडायची कशाला?” म्हातारा हसला. “कासव आमचा देव, बाई. चाळीस वर्षं त्याला सोडवायला जाळं कापतोय. ठिगळ दरवेळी इथंच लागतं.”